नवव्या दगडाच्या पुढे

लखा नाईकाच्या तांड्यावर कोंबड्याच्याही आधी उठणारी माणसं दोनच. एक बसंतीबाई आणि दुसरा तिचा धाकटा दीर शाम. बसंतीबाईला जनावरं होती, चूल होती, पाणी होतं. शामलाही गेल्या होळीपर्यंत उठायला कारण होतं, आता नव्हतं. तरी साडेचारला डोळे उघडायचेच. अंथरुणातच त्याचा उजवा पाय ताणला जाई, घोट्यात एकदा गोल फिरे. डावाही तसंच करायला जाई, आणि टाचेच्या मागे काहीतरी सैल लागे, जुन्या बाजेच्या सुंभासारखं. तेवढ्यानं झोप पुरती उडे. मग तो बायकोला, पुष्पाला, जाग येऊ नये अशा बेतानं उठून ओट्यावर येऊन बसे आणि उजाडेपर्यंत समोरच्या वाटेकडे बघत राही.

शाम दारव्ह्याच्या एसटी आगारात मेकॅनिक होता. वय अडतीस, अंगानं काटक, बोलणं कमी. पळायला लागला तोही उशिरा, एसटीचा मोठा संप चालला होता तेव्हा. दिवसचे दिवस रिकामे, घरात बसून जीव कंटाळलेला. तांड्यातली पोलीस भरतीची पोरं पहाटे रस्त्यावर पळत, त्यांच्या मागे एक दिवस तो सहज निघाला. पोरं पाचव्या किलोमीटरला कंबरेवर हात ठेवून परत फिरली. हा पुढे गेला. का गेला ते त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं.

संप मिटला, पळणं राहिलं. त्याची ठरलेली फेरी सोळा किलोमीटरची. तांड्यातून निघून डांबरी रस्ता, तिथून फाटा, मग सागाच्या जंगलातला चढ, चढ संपला की तलाव, तलावाच्या पाळीवरून पलीकडचं कुणब्यांचं गाव, आणि तिथून नाल्याकाठानं तांड्याच्या मागच्या अंगाला. मोटरसायकलच्या मीटरवर मोजून त्यानं दर किलोमीटरला रस्त्याकडेचा एकेक दगड चुन्यानं रंगवला होता. गुराखी पोरांना वाटे, सरकारी मोजणी झाली असेल.

पहिले सहा दगड नुसती कटकट असायची. श्वास भांडायचा, पोटऱ्या कुरकुरायच्या, डोक्यात आगारातल्या कुरबुरी चालू असायच्या. सातवा आणि आठवा चढाचे. तिथे तर रोज वाटायचं, कशाला आलो. आणि मग नववा दगड, तलावाचं वळण. तिथून पुढे, रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार वेळा तरी ते व्हायचं. डोक्यावरचं ओझं मागून येऊन कुणी अलगद उतरवून घ्यावं तसं. श्वास ऐकू येईनासा व्हायचा. पाय हलताना दिसायचे, पण हलवावे लागत नसत. तलावाचं पाणी, पाळीवरची बाभूळ, रस्त्यात पडलेलं शेण, डबा घेऊन निघालेला एखादा माणूस, सगळंच इतकं आपलं वाटायचं की डोळे भरून यायचे, आणि दुःख तर जवळपास कुठेच नसायचं.

हे टिकायचं त्या तीन-चार किलोमीटरांत त्याला बाप आठवायचा. बाप, धरमसिंग, मोहाच्या दारूत संपलेला. शामच्या आईला त्यानं सुखाचा घास खाऊ दिला नाही. शाम आठ वर्षांचा असताना ती गेली आणि मग दोन वर्षांपूर्वीच घरात आलेल्या बसंतीबाईनं, थोरल्या भावाच्या बायकोनं, त्याला वाढवलं. बापाचं नाव निघालं की एरवी शामचे दात आपोआप आवळले जात. नवव्या दगडाच्या पुढे मात्र बाप रस्त्याकडेला बसलेला एक बारकासा माणूस वाटायचा, आणि त्याच्यावरचा राग शोधूनही सापडायचा नाही. त्याला खांद्यावर घेऊन पळावं असंसुद्धा वाटायचं.

हे तो कुणाला बोलला नाही. पुष्पानं एकदा विचारलं होतं, एवढं पळून मिळते तरी काय. तो म्हणाला, बरं वाटते. पुष्पा अंगणवाडीत सेविका होती, बोलायला तिखट. बायांमध्ये ती सांगायची, कोणाचा नवरा पिते, कोणाचा पत्ते खेयते, माहा पयते. वाट पाहाची ते साऱ्याईलेच सारखी.

गेल्या वर्षीची होळी त्या घरात मोठी होती. शामचा थोरला भाऊ रामधन, त्याचा मुलगा जीवन, आणि जीवनला पहिला मुलगा झालेला, ओम. तांड्याची रीत अशी की वर्षात ज्या घरी मुलगा जन्मला त्या घरी धुळवडीला धुंड. अंगणात खुंट रोवतात, त्याला गोड पुऱ्यांची मडकी दोरीनं जखडून बांधतात. घरच्या आणि भावकीतल्या बाया, त्यांना गेरणी म्हणायचं, काठ्या घेऊन खुंटाभोवती उभ्या राहतात. पुरुषांनी, म्हणजे गेरियांनी, मार खात आत शिरायचं आणि खुंट उपटून न्यायचा. मार कुणी कुणाला दिला ते पुन्हा काढायचं नाही. लागलं असं तर म्हणायचंच नाही. धुंडीत गेरिया कण्हला तर ते बाळाला बाधतं, असं म्हातारे सांगत.

बसंतीबाई तांड्यातली नावाजलेली गेरण. एकोणपन्नास वर्षांची, आजी झालेली, पण त्या दिवशी पदर खोचून ती खुंटापाशी उभी राहिली तेव्हा पोरं चार पावलं मागे सरकली. एकेका गेरियाचं नाव घेऊन, त्याच्या खोड्या गुंफून ती गाणं म्हणत होती आणि हसून हसून बायांच्या काठ्या गळत होत्या. शामच्या वाटेला नेहमी शेवटची धाव यायची, कारण त्याच्याइतकं चपळ कुणी नव्हतं. तो दोन बायांच्या मधून वाकून आत घुसला, खुंटाला मिठी मारली, हिसडा दिला. खुंट निघाला. तो वळला, डावा पाय टेकवून अंग पुढे झोकलं, आणि त्याच क्षणी बसंतीबाईची काठी खालून, जमिनीलगत आली.

कडाक् असा आवाज झाला. सगळ्या अंगणानं ऐकला.

काठी मोडली, काठी मोडली, म्हणून एकच गिल्ला झाला. शाम एका गुडघ्यावर आला होता. टाचेमागे कुणी दगड मारल्यासारखं वाटलं आणि मग पाय रिकामा झाला. त्यानं वर पाहिलं. बसंतीबाई हसत होती; आयुष्यात ती तशी हसलेली त्यानं पाहिली नव्हती. पलीकडे जीवनच्या बायकोच्या, जयाच्या कडेवर ओम होता, कपाळावर कुंकू, हातात पुरी. शाम उठला. खुंट खांद्यावर घेऊन तो नाईकाच्या अंगणापर्यंत गेला, आणि त्या रात्री व दुसऱ्याही रात्री डफावर होळीची लेंगी नाचला, सगळा भार उजव्या पायावर टाकून.

तिसऱ्या दिवशी घोटा मडक्यासारखा सुजला तेव्हा त्यानं घरी सांगितलं, आगारात गाड्यांखालच्या खड्ड्यात उतरताना पाय मुरगळला. आगारात सांगितलं, मोटरसायकलवरून पडलो. दोन्हीकडे लोकांनी हळद लावायला सांगितली.

तलावापलीकडच्या गावात विठ्ठलराव म्हणून एक म्हातारे शेतकरी मोच उतरवत. त्यांच्याकडे तो तीन आठवडे गेला. ते तेल चोळत, पट्टी आवळत आणि जुन्या पावसाच्या गोष्टी सांगत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी चोळता चोळता हात थांबवला आणि म्हणाले, ही मोच नाही बापा, इथी माह्या बोटाले खड्डा लागून राह्यला, तू यवतमाळले जाय. शामनं मान डोलावली आणि गेला नाही. डॉक्टर कापाकापी सांगेल, घरी कळेल, कसं झालं ते चार माणसं विचारतील. ओमच्या धुंडीत माणूस अधू झाला ही गोष्ट तांड्यात एकदा फुटली तर पोराला साधा ताप आला तरी लोक तेच काढतील. आणि बसंतीबाई? तिच्या काठीनं झालं हे तिला कळलं तर? त्यापेक्षा आपोआप भरून येईल. यंत्राचं सैल झालेलं आपोआप घट्ट होत नाही हे ज्याला रोज हातानं कळत होतं, त्यानं स्वतःच्या पायाबद्दल तसं धरून चालावं, याचं त्याला पुढे फार नवल वाटलं.

यवतमाळला गेला तेव्हा चार महिने झाले होते. डॉक्टरनं त्याला पालथं झोपवून दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या. उजवं पाऊल हललं. डावं हललं नाही. किती दिवस झाले, त्यांनी विचारलं. उत्तर ऐकून त्यांनी हातातला पेन टेबलावर ठेवला. टाचेचा दोर तुटला होता. पहिल्या पंधरवड्यात आला असता तर टाके घालून सांधता आला असता. आता टोकं लांब गेली होती आणि मधे कसंतरी भरून आलं होतं. ऑपरेशन करू, पण फार आशा ठेवू नका. चालता येतं, जिना चढता येतो, तेवढ्यावर समाधान माना. पळणं विसरा. शामनं ऑपरेशन करून घेतलं नाही.

चालता येते ना, हेच मग सगळे म्हणाले. रामधन म्हणाला, आगारातला साहेब म्हणाला, पुष्पाही म्हणाली. तिला तर मनातून बरंच वाटलं असावं. सकाळी नवरा घरी, दूध आणतो, पोरीची वेणी घालून देतो. त्यात काही खोट नव्हती, म्हणून शामला कुणावर रागावताही येत नव्हतं. हात गेलेला माणूस तुटका हात दाखवू शकतो. याचं काय गेलं होतं?

त्यानं दुसऱ्या वाटा करून पाहिल्या. सायकल घेतली आणि त्याच फेरीवर गेला. नवव्या दगडापाशी फक्त ऊन लागलं. लंगडत, पण भरभर सोळा किलोमीटर चालला. घरी आला तेव्हा पाय सुजलेला आणि डोकं जसंच्या तसं. एका रविवारी त्यानं सरळ पळून पाहिलं. कुणी पाहू नये म्हणून जंगलातल्या चढापलीकडे जाऊन. वीस पावलांत शरीर डावीकडे असं खचलं की तो रस्त्याकडेच्या तुरीत जाऊन पडला. बराच वेळ तो तिथेच बसून होता. तलाव समोर होता, बाभूळ होती, पाण्यावर बगळे उतरत होते. सगळं पूर्वीसारखंच छान होतं, पण ते तिकडे होतं.

आणि बाप परत आला. आता तो रस्त्याकडेला बसत नसे. ऐन कामात, पान्यावर जोर लावताना, ताटावर बसताना, आईच्या अंगावर हात उगारलेला बाप डोळ्यापुढे येई आणि शामचे दात आवळले जात. पोरीवर तो दोनदा विनाकारण ओरडला. दुसऱ्यांदा ती त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत राहिली ती नजर त्याच्या ओळखीची होती. लहानपणी ती त्याचीच होती.

माघ संपत आला होता. आगारातला जुना मेकॅनिक नागोराव सेवानिवृत्त झाला आणि त्यानं आपल्या शेतात चार जणांना जेवायला बोलावलं. भाजी-भाकरीबरोबर मोहाची बाटली निघाली. शाम घेत नाही हे सगळ्यांना माहीत होतं; आई गेली त्या वर्षी बसंतीबाईनं दोघा भावांना गाईच्या पाठीवर हात ठेवायला लावून शपथ घातली होती. नागोरावनं चेष्टेनं पेला पुढे केला. आणि शामनं तो घेतला.

दोन पेले घेऊन तो वाट बघत राहिला. जीभ जड झाली. आभाळ खाली आल्यासारखं वाटलं. मंडळी हसत होती आणि त्यांचं हसणं विहिरीतून यावं तसं येत होतं. ओझं उतरलं नाही. होतं तेच ओलं होऊन जास्त जड झालं. बाप एवढ्यासाठी आयुष्यभर जात होता का, असं त्याच्या मनात आलं. की त्यालाही कधीतरी, अगदी पहिल्यांदा, ते मिळालं होतं आणि मग तो तेच शोधत राहिला? हे मनात आलं तेव्हा त्याला भीती वाटली.

दुपारी चारला तो घरी आला. पुष्पा पोरीला घेऊन माहेरी गेली होती. बसंतीबाई अंगणात तूर पाखडत बसली होती. तिचं माहेर दिग्रसकडचं, शेजार सगळा कुणब्यांचा, त्यामुळे घरात बंजाऱ्यांची गोरबोली चालत असली तरी तिच्या तोंडी वऱ्हाडीच जास्त. शाम तिच्याजवळून पुढे जाऊ लागला आणि तिनं सूप खाली ठेवलं.

"घेतली तुनं," ती म्हणाली.

"घेतली."

"काहून?"

त्यानं नागोरावच्या निरोपाच्या जेवणाचं सांगितलं. बसंतीबाईनं ते ऐकून घेतलं आणि सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "नागोराव घरी बसला म्हणून तू पिशीन, असा तू नाहीस. खरं सांग."

तो भिंतीला टेकून खाली बसला. दारूनं जीभ सैल झाली होती, की वर्षभर कुणी विचारलंच नव्हतं म्हणून, पण तो बोलला. "पाहाले गेलतो, भाभी. पयताना जे भेटत होतं, ते तिथी भेटते काय."

"भेटलं?"

"नाही."

बसंतीबाईचा हात सुपातच राहिला. अंगणात चिमण्या तुरीवर उतरत होत्या, त्यांना तिनं हाकललंही नाही.

"माही काठी मोडली नव्हती, शाम," ती म्हणाली.

त्याची सगळी झिंग उतरली.

"सारे म्हणे मोडली. मीबी हासली. संध्याकायी सडा टाकाले निघाली, तं काठी तिथीच पडून होती. उचलली. वरून खालपर्यंत हात फिरवला म्या. साबूत. साधी चीर नाही. मंग तो आवाज कायचा होता?"

शामचा हात डाव्या टाचेकडे गेला.

"वर्ष झालं, वाट पाहून राह्यली मी. आज सांगशीन, उद्या सांगशीन. तू आपला त्या खड्ड्यातच पडत राह्यलास."

"ओमची धुंड होती," तो म्हणाला.

ओमची होती हे तिला माहीत होतं. तिनं फक्त एक विचारलं. तेव्हाच्या तेव्हा सांगितलं असतं, दवाखान्यात गेला असता, तर पाय बरा झाला असता का. शामला इथे खोटं बोलता आलं असतं. घरी एक, आगारात एक, अशी दोन खोटी तो वर्षभर सांभाळत होता. तिसऱ्यानं काय होणार होतं? पण ती त्याच्याकडे बघत होती आणि तिचे डोळे अगदी कोरडे होते.

"डॉक्टर म्हणे, झाला असता," तो म्हणाला.

बसंतीबाईनं मान हलवली. तूर पोत्यात भरली, सूप भिंतीला लावलं आणि आत गेली. संध्याकाळी ताट वाढायला जया आली.

पुढचे बारा-पंधरा दिवस घरातलं सगळं होतं तसं चाललं. बसंतीबाई रागावली नाही, रडली नाही. दारूचं तिनं कुणालाच, रामधनलाही, सांगितलं नाही. पण शाम पहाटे ओट्यावर बसला असताना ती पूर्वी जाता-येता काहीतरी टोकायची, लेका थंडी भरीन, घोंगडी घे, असं. ते बंद झालं. ती खाली बघून त्याच्यापुढून जाई. शामला वाटे, पळणं गेलं तेव्हा आपण पुरते गरीब झालो असं समजत होतो, पण अजून घालवायला शिल्लक होतं.

होळी आली. यंदा धुंड धावजीच्या घरी, त्याच्या नातवाची. धुळवडीला सकाळीच धावजीची बायको आणि दोन सुना बसंतीबाईला बोलवायला आल्या. ती म्हणाली, गुडघे धरले, उभं राहवत नाही. त्या हसल्या, तुमचे गुडघे दरवर्षी धरतात आणि डफ वाजला की सुटतात. ती हसली नाही. तुमी व्हा पुढे, एवढंच म्हणाली. धावजीची बायको थोडं लागल्यासारखं तोंड करून गेली. भावकीतल्या धुंडीला न जाणं ही काही लहान गोष्ट नव्हती. रामधन चिडला. जया ओमला नवा अंगरखा घालून निघाली, पुष्पा पोरीला घेऊन तिच्याबरोबर गेली. घर रिकामं झालं.

शाम ओट्यावर होता. बसंतीबाई दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली. तांड्याच्या पलीकडच्या टोकाला डफ सुरू झाला होता.

तो म्हणाला, तू जा भाभी, माझ्यासाठी अडू नको, रीत आहे ती. झालं ते झालं.

"काठी हातात घेतली की तो आवाज येते," ती म्हणाली. "सरपण मोडतानाबी येते. तिथी जाऊन मी का करू?"

दोघं डफ ऐकत बसले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुहा रस्ता सांग मले. तू रोज कोठी जात होता, ते मले माहीतच नाही. मी त्या बाजूनं कधी गेलीच नाही."

त्याला आधी लाज वाटली. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. तांड्याची शेवटची घरं, तिथला खरखरीत मुरूम, डांबरी रस्त्याला लागताना पायाला कळणारा फरक. पहिला दगड, दुसरा. फाट्यावरचं बंद हॉटेल, त्याच्या बाकाखाली झोपलेलं तांबडं कुत्रं. ते बरोबर दोनशे पावलं भुंकत यायचं आणि हद्द संपल्यासारखं थांबायचं. बसंतीबाई म्हणाली, त्याले तूच वेडा दिसत अशीन. तो हसला. पाचवा दगड, पोरं परत फिरायची ती जागा. मग सागाचं जंगल, चढ. चढाचं सांगताना त्याचा श्वास खरंच थोडा वाढला, ते तिच्याही लक्षात आलं. सातवा. आठवा. झाडं विरळ होत गेली. मग वळण, आणि तलाव.

"इथी नववा दगड," तो म्हणाला, आणि थांबला.

"मंग?"

सगळा रस्ता त्याला पावलापावलानं आठवत होता. पुढे काय व्हायचं तेही माहीत होतं, ओझं उतरायचं, डोळे भरायचे. पण ते आता पाठ केलेल्या धड्यासारखं आठवत होतं. आतून कसं असायचं ते हाताला लागत नव्हतं. वर्षातच पुसट झालं होतं. आणखी वर्षानं तेवढंही राहणार नाही, हे त्याला त्या ओट्यावर पहिल्यांदा कळलं, आणि आपलं काहीतरी कायमचं गेलं, असं डॉक्टरच्या टेबलावर वाटलं नव्हतं ते त्याला आता वाटलं.

बसंतीबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि मग समोर अंगणाकडे, जिथे गेल्या वर्षी खुंट होता.

"त्या दिशीचं एक सांगू तुले?" ती हळू म्हणाली. "कोणाले सांगतलं नाही म्या. मले लय बरं वाटत होतं, शाम. काठी जडच लागत नव्हती. गाणं मी म्हणत नव्हती, ते आपोआप निघत होतं. सासू नाही, सासरा नाही, दुखते गुडघे नाही, काई नाही. सारे लोक इतके चांगले दिसत होते मले. तुहा बाप समोर आला असता ना, त्यालेबी पुरी देल्ली असती. अन् तशातच ती काठी बसली."

शाम तिच्याकडे बघत राहिला. त्याला जे सांगता येत नव्हतं, पुष्पाला, डॉक्टरला, स्वतःलाही, ते ही बाई अंगणाकडे बघत साध्या शब्दांत सांगत होती.

"तेच," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही. "तेच होतं, भाभी. नवव्या दगडाच्या पुढं."

ती वळली. "रोज?"

"रोज नाही. हप्त्यातून तीन-चार खेपा."

तिनं पदर तोंडाला लावला. वर्षभर कोरडे राहिलेले तिचे डोळे आता वाहू लागले, आणि तिनं ते पुसले नाहीत. "मले जिंदगीत एकडाव झालं," ती म्हणाली, "अन् तेवढ्यात तुहं सारं गेलं."

त्यानं हात पुढे केला, पण कुठे ठेवावा ते न कळून तो तसाच ओट्यावर टेकवला. पलीकडे धावजीच्या अंगणात मोठा गिल्ला झाला. खुंट निघाला असावा. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. डफ थोडा वेळ थांबला आणि पुन्हा वाजू लागला, आता नाचाच्या चालीवर. ऊन ओट्याच्या कडेपर्यंत आलं.

"आता घरी आण मले," बसंतीबाई म्हणाली. "तिथी तलावावर कायले बसून ठेवलं."

"अजून सात किलोमीटर आहे."

"असू दे. हयू हयू ने. माहे गुडघे खरंच दुखतेत."

तलावाची पाळ अरुंद आहे, तो सांगू लागला. डाव्या हाताला पाणी आणि उजवीकडे उतार. खडी निघालेली आहे, तिथे पाय जपून टाकावा लागतो. दहावा दगड पाळ संपते तिथे आहे.